वरून की पुन्हा

बाई आधी बोट छताकडे करायच्या. मग तेच बोट खाली आणून हवेत एक गोल काढायच्या. आणि समोर कोण आहे याची फारशी पर्वा न करता विचारायच्या, "वरून, की पुन्हा?"

समोर कधी तलाठी असे, कधी एसटीचा कंडक्टर. एकदा कोंबड्या विकायला आलेल्या माणसालाही त्यांनी विचारलं होतं. त्याने विचार करून "पुन्हा येईन" असं सांगितलं आणि तो गेला. आपल्या सगळ्यांच्या ओळखीत असं एकच एक गोष्ट धरून बसलेलं माणूस असतं. आपण आधी हसतो, मग त्याची सवय होते. बाईंच्या बाबतीत सवय झाल्यावर मला त्या प्रश्नाची भीती वाटू लागली. ती का, तेच सांगतो.

मी ब्रह्मपुरीचा. भामरागडच्या पुढे एका माडिया गावातल्या शाळेवर माझी बदली झाली, तेव्हा शेजारच्या घरात बाई एकट्या राहत होत्या. मूळच्या नगरकडच्या. तरुणपणी नर्स म्हणून या जंगलात आल्या आणि निवृत्त झाल्यावरही परत गेल्या नाहीत. त्यांचे यजमान ख्रिस्ती मंडळींचे पाळक होते. योहानाचं शुभवर्तमान मूळ ग्रीकवरून माडिया भाषेत आणायचं काम त्यांनी काढलं होतं. दोन अध्याय झाले आणि ते वारले. ग्रीक बाई त्यांच्याकडूनच शिकल्या होत्या, लग्नानंतर, भाजी निवडता निवडता. तिसरा अध्याय त्यांनी स्वतः हातात घेतला आणि सुरुवातीलाच अडकल्या.

"शब्द आहे अनोथेन," त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं. "येशू निकदेम नावाच्या म्हाताऱ्या गुरूला सांगतो, माणूस अनोथेन जन्मल्याशिवाय त्याला देवाचं राज्य दिसायचं नाही. आता अनोथेन म्हणजे वरून. मंदिराचा पडदा अनोथेन फाटला, म्हणजे वरून खालपर्यंत. पण अनोथेन म्हणजे पुन्हा, अगदी पहिल्यापासून, असंही होतं. निकदेमाने तेच ऐकलं. म्हणाला, म्हातारा माणूस परत आईच्या पोटात कसा शिरेल?"

"मंग मराठीत काय लिवलं हाये?"

"नव्याने. मराठीत तेवढ्यावर भागतं, सर. इथे भागत नाही."

इतक्यात छतावर धप्पकन वानर पडलं. बाईंनी बोट वर केलं. "हे वरून." दुसरं पडलं. "हे पुन्हा." आणि त्या पदर तोंडाला लावून हसल्या.

इथे का भागत नाही, ते मला जुरीमुळे कळलं.

जुरी गावातली माडिया बाई, पंचविशीची. तिला मराठी बरं येई. माडिया बोलणारे मराठीतही सगळ्यांना अरे-तुरेच करतात, त्यामुळे ती बाईंनाही तू म्हणे आणि मलाही. दुपारी ती पडवीत येऊन बसे, बाई एकेक वाक्य वाचत आणि ते कानाला कसं लागतं ते जुरी सांगे. माझी शाळा सुटली की मीही चहाला तिथेच. तेव्हा जुरीला दिवस गेले होते.

त्या दुपारी बाईंनी 'पुन्हा जन्म' घालून वाक्य वाचून दाखवलं. जुरीने मान हलवली.

"येते ना पुन्हा. सारेच येते. यात तुह्या देवानं नवीन का सांगतलं?"

"कोण येतं?"

"मेलेले. आजा येते, आजी येते. लहान लेकरू मेलं तर लवकर येते. म्हणून तं काजळ लावते."

"कसलं काजळ?"

जुरी सहज सांगू लागली. लहान मूल गेलं की पुरण्याआधी घरातली म्हातारी त्याच्या अंगावर कुठेतरी तेल-काजळाचं बोट लावते. मूल परत जन्माला आलं की तिथेच डाग घेऊन येतं. मग ओळखता येतं.

बाई कागदाच्या कोपऱ्यावर काहीतरी टिपून घेत होत्या. जुरी म्हणाली, "तुह्या पोरीले माह्या आजीनं लावलं होतं. गुडघ्याच्या मांगं. तुले मालूम नाई?"

बाईंना मुलगी होती हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. करुणा तिचं नाव. याच घरात, शाळेत जायच्या वयाची होण्याआधी, तापाने गेली होती. बाईंना तेव्हा शुद्ध नव्हती. गावातल्या बायकांनीच तिला अंघोळ घातली होती.

पडवीसमोर मोहाची झाडं होती. दुपारभर त्यांत होले घुमत असत. ते केव्हा थांबले कळलं नाही. बाई जुरीकडे पाहत होत्या. नंतर त्यांची नजर हळूहळू तिच्या पोटावर गेली आणि चटका बसावा तशी परत आली.

"आज पुरे," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी 'वरून जन्म' वाचून पाहिलं. जुरीने अंग चोरलं. "वरून तं गारा येते. वीज येते. झाडावरचा बिबट येते. वरून आलेलं चांगलं नसते, बाई." बाईंनी कागद मिटले. त्या दिवसापासून प्रश्न विचारताना त्या हसायच्या बंद झाल्या.

एकदा त्यांनी मला विचारलं, "सर, तुम्ही बौद्ध. तुमच्यात काय म्हणतात?"

"आमच्या घरी आत्माच मानत नाई, बाई. मंग पुन्हा येईन कोण?"

"बरं आहे तुमचं," त्या म्हणाल्या. त्यात चेष्टा नव्हती.

पावसाळ्यात नदीला पूर आला, रस्ते बंद झाले आणि जुरीला कळा सुरू झाल्या. बाळंतपण बाईंनीच केलं. मी आणि जुरीचा नवरा बाहेर उभे होतो. मूल रडलं. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचे हात स्वच्छ धुतलेले होते, तरी त्या ते पदराला पुसत होत्या.

"मुलगी आहे. दोघी ठीक आहेत," त्या म्हणाल्या. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "गुडघ्यामागे निळसर डाग आहे, सर. पुष्कळ बाळांना असतो. मी आयुष्यभर पाहत आलेय. वर्ष-दोन वर्षांत जातो."

"हो, बाई."

"जातोच."

तो गेला नाही. गडद होत गेला.

जुरीने मुलीचं नावच ठेवलं नाही. कोणी विचारलं तर म्हणे, "नाव तं हाये तिचं. बाईले इचार." गाव तिला नुसतं पोट्टी, म्हणजे पोरगी, म्हणे. जुरी तिला रोज बाईंच्या पडवीत आणून ठेवी आणि कामाला निघून जाई. पोट्टी कोणाकडेही झोपत नसे. बाईंनी मांडीवर घेतलं की वर हात करून त्यांच्या कानाची पाळी चिमटीत धरी आणि तशीच झोपून जाई.

एकदा ती अशी झोपलेली असताना बाई मला म्हणाल्या, "सगळीच मुलं करतात असं. नाही का?"

"करते, बाई. माहा पोरगा आईची वेणी धरे."

"करुणा पाळीच धरायची. हीच. डावी." त्यांचा आवाज अगदी सरळ होता. "सर, माझा यावर विश्वास नाही. माझी मुलगी देवाजवळ आहे. ती जर इथे असेल, तर मी इतकी वर्षं प्रार्थना कोणासाठी केली?"

पोट्टीचे डोळे मिटलेले होते, पण बोटं पाळीवर हळूहळू फिरत होती, जागेपणी फिरावीत तशी.

त्याच सुमारास जुरी एकदा स्पष्ट बोलली. "मी फक्त आणून देल्ली. पोरगी तुही हाये. तू तिले नावानं हाक माराची सोडून ते कागद काऊन वाचून राह्यली?" बाई म्हणाल्या, "ती तुझी आहे, जुरी. तिला तुझ्या आवडीचं नाव ठेव." जुरी रागावली नाही. घाबरली. "हाक नाई मारली तं थे परत जाईन," एवढंच म्हणाली.

पोट्टी दोन वर्षांची झाली त्या हिवाळ्यात तिला ताप आला. सकाळी अंग तापलं आणि दुपारपर्यंत तिने डोळे फिरवले. बाईंनी एका नजरेत ओळखलं, मेंदूचा मलेरिया. करुणालाही तोच झाला होता. मी धावत जाऊन काळीपिवळी जीप आणली. मागे बाई पोट्टीला मांडीवर घेऊन बसल्या, शेजारी जुरी, समोर मी.

रस्ता सागाच्या जंगलातून जातो. त्या दुपारी वारा बिलकुल नव्हता, तरी वरची पानं एकसारखी सळसळत होती, जणू वरून कोणी जीपच्या बरोबरीने चाललं होतं. ड्रायव्हरनेही एकदोनदा काचेतून वर पाहिलं. वानरं असतील, असं मी स्वतःला सांगितलं. वानरं दिसली मात्र नाहीत.

पोट्टीला झटका आला, आणि मग ती एकदम ढिली पडली. बाई तिची नाडी शोधत राहिल्या.

"आता मार हाक," जुरी ओरडली. "जाऊन राह्यली थे! मार ना, बाई!"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. तसा चेहरा मी माणसाचा पाहिलेला नाही. समोर दोन दारं असावीत आणि कोणत्याही दारातून आत गेलं की मागचं घर कायमचं बंद होणार असावं, तसा. मग त्या खाली वाकल्या आणि त्या मुलीच्या कानाशी म्हणाल्या, "करुणा."

पुन्हा म्हणाल्या. मग थांबल्याच नाहीत. "करुणा, आई इथे आहे. करुणा, बाळ, इकडे बघ." माझ्या समोर बसलेली म्हातारी नर्स कुठेच उरली नव्हती. एक तरुण आई तिच्या लेकीला हाका मारत होती. वर पानांची सळसळ केव्हा थांबली, मला सांगता येणार नाही. पोट्टीचा हात उचलला गेला, हवेत चाचपडला आणि बाईंच्या डाव्या पाळीवर जाऊन बसला.

दवाखान्यात वेळेवर इंजेक्शन मिळालं. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनने वाचली. बाई म्हणाल्या, "हो, इंजेक्शननेच." जुरी परतताना जीपमध्ये गाढ झोपली, कित्येक महिन्यांनी झोपावी तशी.

त्यानंतर बाईंनी तिसरा अध्याय पुरा केला. मी विचारलं, "कोणता शब्द ठेवला?"

"वरून," त्या म्हणाल्या. "येशूच्या तोंडी तोच आहे, तिथे मला बदलता येत नाही. माझी लेक वर आहे, हेच मी मानते." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "पण निकदेमाने 'पुन्हा' ऐकलं, त्याला आता मी हसत नाही. त्याचंही कोणी गेलं असेल."

त्यानंतर बाई पोट्टीला उघडपणे करुणा म्हणू लागल्या. मंडळींपैकी काहींना ते आवडलं नाही. रविवारच्या उपासनेनंतर एका वडीलधाऱ्यांनी त्यांना टोकलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "नाव चांगलं आहे, भाऊ. जुरीने ठेवलंय."

चौथा अध्याय अर्ध्यावर असताना बाई गेल्या. दुपारी पडवीत बसल्या बसल्या, मान भिंतीला टेकवून. करुणा त्यांच्या मांडीवर झोपलेली होती. ती जागी झाली, पण रडली नाही, असं जुरी म्हणाली.

गावाबाहेर एका वळणावर ख्रिस्ती मंडळींची छोटी दफनभूमी आहे. बाईंना यजमानांशेजारी पुरलं. दोघांच्या मधल्या लहानशा कबरीवर नाव नाही, नुसते दगड रचलेले आहेत. ती बाईंच्या लेकीची, हे बाहेरच्या कोणाला मलाच सांगावं लागतं.

परवा शाळा सुटल्यावर मी तिकडून येत होतो. करुणा आता माझ्याच शाळेत पहिलीत आहे. ती त्या लहान कबरीवर पाय सोडून बसली होती आणि बोरं खात होती.

"उतर तिथून, बेटा," मी म्हणालो. "तिथी कोणी झोपलं हाये."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग बुडाखालच्या दगडांकडे. "कोणी नाई," ती म्हणाली. "हे माही हाये."

आणि मला बसता यावं म्हणून ती थोडी बाजूला सरकली.