न मोडलेला सौदा

मोंढ्याच्या मागं आमची पत्र्याची एक खोली होती. बा हळदीच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, हमाल. सकाळी कॉलेजला निघायच्या आधी मी त्याच्या पाठीवर उभा राहायचो. तो पालथा झोपायचा आणि मी भिंतीला हात टेकवून त्याच्या कमरेपासून खांद्यापर्यंत पाय देत जायचो. त्याशिवाय त्याला उठताच येत नव्हतं. "अजून जरा खाली. व्हय, तिथंच," म्हणायचा. माझं वजन वाढत गेलं तसा त्याला आराम पडत गेला.

माय मोंढ्यात झाडायची. पोत्यांतून सांडलेले हळकुंडाचे तुकडे वेचायची, पाखडून विकायची. हंगामात आमच्या भाकरीलासुद्धा हळदीचा वास यायचा. बाच्या टोळीतले लोक म्हणायचे, "आपल्याला रोजच हळद लागती, लगीन काही लागत न्हाई." हंगाम संपला की हे हसणंही संपायचं. पावसाळ्यात पोती नसायची, तेव्हा चूल एकाच वेळेला पेटायची.

त्या खोलीतून मी बी.कॉम. झालो. आमच्या खानदानात पहिला. हे मी अजूनही कुणी न विचारता सांगतो.

पदवीनं नोकरी दिली नाही. कृषी सेवा केंद्रात दोन वर्षं बिलं फाडली आणि जे साठलं त्यावर मोबाईलवर शेअरचं काम सुरू केलं. सकाळी घ्यायचं, दुपारी बाजार बंद व्हायच्या आत विकायचं, मधल्या फरकावर जगायचं. पहिले तीन महिने पैसे आले. तीन महिने हा काळ किती थोडा असतो हे मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी ऐकलं नसतं, कारण मी शिकलेला होतो.

एका सकाळी पाठ तुडवता तुडवता मी म्हणलं, "बा, बिल्ला देऊन टाक."

हमालाचा बिल्ला म्हणजे टोळीतली त्याची जागा. एकदा सोडली की दुसऱ्याची झाली, परत मागता येत नाही.

"अन् तुझं हे मोबाईलचं बंद पडलं तर?"

"काहून बंद पडंल? भरोसा न्हाई का माझ्यावर?"

त्यानं भरोसा ठेवला. बिल्ला घेताना टोळीचा मुकादम म्हणाला, "मालक झाले म्हणा की तुमी! आमाला इसरू नका." बा लाजून हसला. त्याला तसा लाजताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

आता जी चूक झाली ती मोंढ्यातल्या माणसाच्याच पोरानं करावी अशी होती.

माझ्या लहानपणी बा एक गोष्ट मोठ्या अभिमानानं सांगायचा. पूर्वी व्यापारी भाव तोंडानं बोलत नसत. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून ठरवत. बोटं दाबली की सौदा झाला. मग बाजार पडो की माणूस बुडो, सौदा मोडायचा नाही. "एकानं मोडला व्हता," बा सांगायचा, "त्याच्या दुकानाची पोती उचलायला आमी कोणी गेलो न्हाई. कुजली तिथंच." ती गोष्ट माझ्यात मुरली होती. कॉलेजात शिकलेल्या कुठल्याही पाठापेक्षा जास्त.

शेअर सोडून मी हळदीच्या वायद्यात उतरलो. वायदा म्हणजे माल न बघता त्याच्या पुढच्या महिन्यांतल्या भावावर केलेला सौदा. मला वाटलं, बाकीचे लोक हळद पडद्यावर बघतात, आपण तर तिच्यात वाढलो. त्या वर्षी मोंढ्यात गाड्या कमी येत होत्या, भाव चढणारच. सकाळी घेतली, संध्याकाळच्या आत विकायची होती. अकराला भाव खाली यायला लागला.

या धंद्यात आधीच ठरवायचं असतं की इतका तोटा झाला की विकून बाहेर पडायचं. त्याला स्टॉपलॉस म्हणतात. मी तो लावलाच नव्हता. बिल्ला दिला तरी बा रोज मोंढ्याच्या ओट्यावर जाऊन बसायचा. त्याला फोन केला.

"इथं तर बाजार तेज हाय," तो म्हणाला. "गाड्याच न्हाईत. काहून इचारतो?"

"असंच."

विकायला बोट पुढं केलं आणि मागं घेतलं. तोट्याला भिऊन पळणं म्हणजे सौदा मोडणं, असंच वाटत होतं. दुसऱ्या दिवशी भाव उघडतानाच बाजारानं त्या दिवसासाठी ठरवलेल्या खालच्या हद्दीला जाऊन थांबला. मी विकायला तयार झालो तर घ्यायला कोणीच नव्हतं. तिसऱ्या दिवशीही तेच. शेवटी ज्या कंपनीत माझं खातं होतं तिनंच मिळेल त्या भावाला विकून सौदा कापला आणि जे होतं ते सगळं त्यात गेलं. त्या आठवड्यात आमच्या मोंढ्यात हळद वरच होती. पडद्यामागं किती गावांचे मोंढे, किती गोदामं आणि हळद कधी हातात न धरलेले किती लोक बसलेत, हे मला नंतर कळलं.

बाला सांगितलं. त्यानं एवढंच विचारलं, "सौदा तू मोडला का?"

"न्हाई. कंपनीनं मोडला."

त्यानं मान हलवली, जणू तेवढं तरी चांगलं झालं. सकाळी खांद्यावर फडकं टाकून निघाला. बिल्ला नव्हता, म्हणून बदली हमाल. जो येणार नाही त्याच्या जागी, जे उरेल ते काम. ज्यांच्या पुढं तो कधी चालायचा त्यांच्या मागं उभा. मुकादम सवयीनं म्हणाला, "या मालक," आणि लगेच खाली बघायला लागला. कोणी हसलं नाही. तो टोमणा असता तर बरं झालं असतं.

पुढच्या हंगामात ट्रकला टेकवलेल्या फळीवरून बा पोत्यासकट पडला. वीस दिवस अंथरुणात होता. मी पाठीवर पाय ठेवला तर ओरडला. मग ते कायमचं बंद झालं. एकविसाव्या दिवशी तो परत मोंढ्यात गेला.

मी पुन्हा कृषी केंद्रात बिलं फाडली, पुन्हा थोडं साठवलं आणि परत शेअरकडं वळलो. हळदीला हात लावला नाही. रोज एकच काम शिकत होतो, चुकलं की लगेच सोडायचं. ऐकायला सोपं आहे. मला दोन वर्षं लागली. एकदा बा शेजारी बसून बघत होता. मी थोड्या तोट्यात विकून मोकळा झालो तसा तो चिडला.

"आत्ता घेतलं अन् आत्ता टाकलं? जबान हाय का न्हाई तुला?"

"बा, तिथं जबान कोणाला देतो आपण? रुमालाखाली कोणाचाच हात न्हाई."

तो पडद्याकडं बघत राहिला. "मग कोणासंग सौदा करून राहिला तू?"

आता लोक शिकवा म्हणून येतात, मी परत पाठवतो. ज्यांच्यासोबत हा धंदा सुरू केला होता त्यांच्यातला एकही टिकला नाही. एकाचं तर बुडाल्याच्या धक्क्यानं बोलणंच बंद झालंय. मी टिकलो ते हुशारीनं नाही. माझ्या न मोडलेल्या सौद्याची किंमत एका म्हाताऱ्या पाठीनं दिलेली मी बघितली, आणि विकायचं बटण दाबताना मला रोज ती फळी दिसते.

या धंद्यावर एक अख्खं वर्ष घरखर्च भागला, तरी मी बाला काही बोललो नाही. एकदा बोलून बसलो होतो. जेवताना त्यानंच विचारलं, "या वक्ताला तर द्यायला बिल्ला बी न्हाई. उद्यापासून न्हाई गेलो तर चालंल का?"

"चालंल," मी म्हणलं.

त्याला आता तीन वर्षं झाली. बा सरळ उभा राहू शकत नाही. पण त्यानंतर त्यानं एकही पोतं उचललेलं नाही.