नाव लिहून दिल्यावर

पोलिसांच्या नोकरीत कितीतरी प्रकरणे हाताळली, पण गेवराई तालुक्यातल्या त्या बाईचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

सकाळची हजेरी चालू असताना तिच्या शेजारणीचा फोन आला. "साहेब, काकू दिसंना झाल्यात. दाराला भाईरून कुलूप हाय. माझं नाव सांगू नका."

काकूंना मूलबाळ नव्हते. नवऱ्याने मृत्युपत्रात लिहिले होते की जमीन आणि घर बायकोने हयातभर वापरावे. तिच्यामागे ते दिराच्या मुलाला द्यायचे की मुलीला, हे तिने स्वतःच्या मृत्युपत्रात ठरवावे.

महिला शिपायाला घेऊन मी गेलो. पुतण्याने हसतच कुलूप काढले. "चुलतीला भरम झालाय, साहेब. कुठंबी निघून जाती."

बाई खाटेवर बसली होती. "मला काय बी तरास न्हाई," ती म्हणाली, पण नजर पुतण्याच्या हातांवर. गाल बसलेले, आणि शेजारी वाढलेले ताट तसेच. भाकरी वाळून गेली होती. भुकेले माणूस अन्नाला शिवत नाही, हे मला खटकले.

दवाखान्यात तपासून तिला ठाण्यात आणले. महिला शिपायाने आपला डबा उघडला. "मावशी, माझ्यातलं खाता?"

बाईने आधी तिलाच घास खायला लावला. मग स्वतः अधाशासारखी जेवली आणि रडू लागली.

"त्यानं धमकावून मृत्युपत्रात त्याचं नाव घालून घेतलं. सही होईस्तोवर मी जित्ती पायजे होते. आता कशाला जित्ती ठेवील?"

मी पुतण्याला ठाण्यात बोलावून घेतले.

पुतण्या चौकशीत उडवाउडवी करत होता. सहीच्या साक्षीदाराला वेगळे घेतल्यावर तो बोलला, "त्याच्या हातात विळा होता, साहेब. मीबी भ्यालो." हे ऐकवताच पुतण्याने मान खाली घातली. ताटातले अन्न तपासले, विष निघाले नाही. डांबून ठेवणे आणि धमकावणे, असा गुन्हा दाखल झाला.

वकील म्हणाले, धाकाने घेतलेले मृत्युपत्र टिकत नाही, शिवाय हयात असेपर्यंत नवे करता येते. बाईला सगळे शेजारणीला द्यायचे होते. पण नवऱ्याने निवडीचा अधिकार भावाच्या लेकरांपुरताच दिला होता. तिने नव्या मृत्युपत्रात पुतण्याच्या बहिणीचे, म्हणजे पुतणीचे नाव घातले.

निबंधक कार्यालयातून बाहेर पडताना तिने माझा हात धरला. "साहेब, तिचं नाव घातलंय हे पोरीला सांगू नका. ती गुणाची हाय. पण सांगू नका."

आरोपी आत गेला की आमचे काम संपते. घाबरलेल्या माणसाची भीती तिथे संपत नाही, हे मला तिच्या त्या 'सांगू नका'ने शिकवले.