आमचा फोटो क्लब आणि मंजूचं लग्न

फोटो वाईट निघाला तर निगेटिव्हसकट फेकून देता येतो. किस्से फेकता येत नाहीत! आम्ही तंजावूरचे हौशी फोटोवाले कुठे मुंजीबारशाला भेटलो, की कुणीतरी म्हणतंच, "अक्का, तो दुपारचा सूर्यास्त सांगा की." मग एकातून दुसरा निघतो. लोक पोट धरून हसतात. मीही हसते, पण कान गरम होतात. शरम वाटते हो, अजून वाटते.

क्लब म्हणजे मुळात तिघेच. राघवेंद्रमामा, शाळेत गणित शिकवून रिटायर व्हायला आलेले. पंढरी, शेतकी ऑफिसातला कारकून, सासुरवाडी ओरत्तनाडूची. आणि मी, कचेरीतली टायपिस्ट. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ, ऑफिसात इंग्रजी, असा आमचा कारभार. फोटोग्राफी शिकवणारं मात्र कुठल्याच भाषेत कुणी नव्हतं. स्टुडिओवाले तर जवळ गेलं की कॅमेऱ्यावर टॉवेल टाकायचे! अशात राजवाड्याच्या गल्लीत सेल्वमने इंटरनेटचं ब्राउझिंग सेंटर काढलं, आणि आम्हाला शोध लागला की परदेशातले लोक ही विद्या फुकट वाटतात. उजेडाचे धडे, लेन्सवर चर्चा, आपला फोटो स्कॅन करून टाकायचा आणि अनोळखी लोकांची मतं घ्यायची, अस्कं, म्हणजे सगळं, तिथे!

मामांना घाई होती, कारण मंजूचं लग्न ठरत होतं. एकुलती एक मुलगी. मामांच्या स्वतःच्या लग्नाचा एकच फोटो आहे. त्यात मामींचे डोळे मिटलेले आणि मामांच्या तोंडापुढे कुणाचं तरी कोपर. "माझ्या मंजूचं असं होऊ देणार नाही," ते म्हणायचे. "स्टुडिओवाला नको. तिचे फोटो मीच काढणार." सगळा खटाटोप तेवढ्यासाठी होता.

* * *

मामांना टायपिंग येत नसे, म्हणून की-बोर्डावर मी. चर्चेच्या एका साइटवर त्यांनी पहिला प्रश्न विचारला: कमी उजेडात फोटो हलतो, काय करावं? सांगताना त्यांनी स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, शिक्षण, हुद्दा, सगळं घातलं. मी पडले सरकारी टायपिस्ट, वर 'विषय' आणि 'संदर्भ' हात आपोआपच टाइप करून मोकळे झाले. शेवटी मामांनी घातलं, "आपली व आपल्या कुटुंबीयांची प्रकृती उत्तम असेल अशी आशा करतो."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. एकच शब्द: ट्रायपॉड.

"बघ," मामा म्हणाले, "उदंड मोठा माणूस असणार. बोलायला वेळ नाही त्याला!"

त्यानंतर त्या साइटवर जो तो एकमेकांच्या कुटुंबीयांची प्रकृती विचारायला लागला. आमची टर उडवत होते मेले! मला कळत होतं, मामांना कळत नव्हतं. त्यांनी ज्याने ज्याने विचारलं त्या प्रत्येकाला मामींची पाठदुखी सविस्तर कळवली.

* * *

पंढरीला एक साइट सापडली. गाव निवडलं की सूर्यास्ताची वेळ मिनिटासकट हातात. त्या यादीत तंजावूर चक्क होतं! सूर्यास्त: पावणेएक.

ती वेळ लंडनच्या घड्याळाची होती, हे नंतर कळलं. त्या दिवशी मामा एवढंच म्हणाले, "काहीतरी शास्त्र असेल. आपल्याला दिसतो तोच सूर्यास्त खरा कशावरून?"

भर दुपारी आम्ही राजवाड्याच्या मनोऱ्यावर ट्रायपॉड लावून उभे. चपलेतून चटके बसत होते. सूर्य डोक्यावर होता आणि तो तिघांनाही दिसत होता! पण आधी बोलायचं कुणी? पंढरी मधूनमधून म्हणे, "येईल, येईल." गणिताचे मास्तर गप्प, आणि मास्तर गप्प म्हणून मीही गप्प.

वॉचमन वर आला. "कशाला थांबलाय, सार?"

"सूर्यास्ताला," मामा म्हणाले.

त्याने वर बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि खाली गेला. परत आला तेव्हा बरोबर दोन मित्र होते. आमची गंमत दाखवायला आणले होते.

* * *

मग मामांनी वाचलं की मॉनिटरचे रंग नीट लावल्याशिवाय फोटो तपासणं म्हणजे पाप. साइटवर करड्या रंगाच्या पट्ट्या होत्या, त्या बघून बटणं फिरवायची. सेल्वम जेवायला गेल्यावर मामांनी झाडून सगळ्या मॉनिटरांचे रंग फिरवून ठेवले. साइटवर असंच आहे म्हणे!

संध्याकाळी शेजारच्या गल्लीतलं एक कुटुंब आलं. त्यांच्या मुलीला अमेरिकेतलं स्थळ आलेलं, मुलाचा फोटो ई-मेलवर येणार होता. आजीपासून सगळे दाटीवाटीने बसले. फोटो हळूहळू, कपाळापासून खाली उतरत गेला. हनुवटीपर्यंत आला आणि आजी उठली.

"अय्यो, मुलाला कावीळ आहे! नको हे स्थळ."

सेल्वमने आमची अशी काही खरडपट्टी काढली की बाहेर रस्त्यावर माणसं थांबली. मामांना त्या घरी जाऊन हात जोडून सांगावं लागलं, "मुलगा ठणठणीत आहे हो, मॉनिटर मी बिघडवला." आजीने कॉफी दिली, सगळं ऐकून घेतलं आणि मामींना गाठून विचारलं, "मुलाकडच्यांनी किती दिले यांना?"

* * *

पंढरीचं तर विचारू नका! त्याने बायकोचा घराच्या ओसरीवरचा फोटो मतांसाठी साइटवर टाकला. मत आलं: फोटो छान, पण डावीकडची वस्तू लक्ष विचलित करते, ती कापून टाका.

डावीकडे त्याची सासू होती.

पंढरीने कापली! मोठी प्रिंट करून हॉलमध्ये टांगली. पोंगलला सासूबाई ओरत्तनाडूहून आल्या, फोटोसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, माझा हात राहिलाय की हो हिच्या खांद्यावर. तो का ठेवलात?"

* * *

आता लग्न.

आदल्या आठवड्यात मामांनी 'लग्नाचे फोटो कसे काढावेत' या पानाच्या तीन प्रती आणल्या, एकेकाला एकेक. फ्लॅश मारू नका. कुणाला उभं करून फोटो काढू नका. बारीकसारीक गोष्टी टिपा. स्वतः अदृश्य व्हा. क्षण पुन्हा येत नाही. आम्ही तिघांनी ते मनापासून पाठ केलं, आणि तिथेच घात झाला. तिघांनीही एकच पान पाठ केलं होतं!

कल्याणमंडपात अंधार. नादस्वरम चालू, मंगलाष्टकं चालू, अंतरपाट धरलेला. मी मोगऱ्याच्या वेण्या टिपत होते. पंढरी जमिनीवर पालथा. मामा खांबाआडून कॅमेरा डोळ्याला लावून बसलेले, नवीन वेष्टी, आमच्याकडचं धोतर, नेसून, अगदी अदृश्य.

कन्यादानाची वेळ झाली. मामी पाटावर येऊन बसल्या, हातात पाण्याची झारी. शेजारचा पाट रिकामा.

"राघवेंद्रराव, या," भटजी म्हणाले.

"एक मिनिट, भटजी." खिडकीतून उन्हाची तिरीप आत आली होती आणि मंजूच्या खांद्यावरून हळूहळू चेहऱ्याकडे सरकत होती. मामांना ती हवी होती.

"मुहूर्त चाललाय!"

"आलोच!"

नवऱ्याकडची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मी हाक मारली, "मामा, जा हो!" पंढरीने हाताला धरून उठवायला बघितलं, तर त्यालाच दटावलं, "हलवू नको!" शेवटी मामांचे थोरले भाऊ पुढे झाले आणि रिकाम्या पाटावर बसले. कन्यादानाला जोडी लागते. म्हणून मामींना उठावं लागलं, आणि त्यांच्या जागी जाऊबाई बसल्या. मामी झारी त्यांच्या हातात देऊन बाजूला, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. पाणी पडायच्या आधी मंजूने मान वर करून बघितलं. तेवढ्यात मामांच्या कॅमेऱ्याचा आवाज झाला.

मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मामा मात्र पळत आले आणि म्हणाले, "मिळाला!"

पंगतीला मामी त्यांच्या शेजारी बसल्या नाहीत.

* * *

अल्बम बघायला व्याह्यांकडची मंडळी आली. आम्ही तिघे हजर, कोरे कपडे घालून. नवऱ्याच्या आईने पानं उलटायला सुरुवात केली. समईची वात. मोगरा. अक्षता. झोपाळ्याची कडी. आचाऱ्याचे हात. पुन्हा समईची वात, ती माझी. मग काही पानं नुसतीच हललेली, कोण कुठे काही पत्ता नाही. बाई उलटत राहिल्या.

"आमचा मुलगा कुठाय?"

पंढरीने वाकून बोट ठेवलं. "हे त्याचे पाय."

कुणी हसलं नाही. आम्ही हसतो ते आत्ता.

"आणि मुलीचे वडील? एकाही फोटोत नाहीत ते?"

मामींनी कॉफीचे पेले-डबरे उचलले आणि आत निघून गेल्या. मामा काहीतरी सांगायला लागले, खिडकी, ऊन, तिरीप, आणि मध्येच थांबले. अख्ख्या अल्बममध्ये चेहरा स्वच्छ आलेला फोटो एकच होता. मंजूचा. ऊन बरोबर गालावर, डोळे भरलेले, सरळ समोर बघणारी. मंजू तो बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "उदंड छान आलाय, अप्पा," आणि अल्बम मिटून सासूबाईंच्या हातात दिला.

* * *

नंतर किती तरी दिवस मामा सेल्वमकडे फिरकले नाहीत. मीही विषय काढला नाही, कुठल्या तोंडाने काढणार? मग एका संध्याकाळी तो एकच प्रिंट घेऊन आले. "हा टाक साइटवर," म्हणाले. "काय म्हणतात बघू."

मी स्कॅन करून टाकला. दोन दिवसांनी बघायला गेलो, तर मतांचा पाऊस! आमची टर उडवणारेसुद्धा कौतुक करत होते. मी एकेक मोठ्याने वाचून मराठीत सांगत होते. मामा मान हलवत होते, पण चेहरा काही खुलेना.

शेवटचं मत कॅनडातल्या एका माणसाचं होतं. त्याने मामांना धंदेवाईक फोटोग्राफर समजून लिहिलं होतं: इतका खरा चेहरा मी लग्नाच्या फोटोत कधी पाहिला नाही. मुलीच्या वडिलांना एक प्रिंट नक्की द्या. हा फोटो बघून ते काय म्हणाले?

मामांनी चष्मा काढला, वेष्टीच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला.

"उत्तर टाइप कर," ते म्हणाले.

"काय लिहू, मामा?"

"लिही, मुलीचे वडील लग्नाला आले नव्हते."