किल्लीवालीचे हात

नवरा गेल्यावर किल्ल्यांचं दुकान बंद पडणार, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. महिनाभरात तिने शटर वर केलं आणि पुढची अकरा वर्षं ते रोज वर जात राहिलं. कुलूप कितीही हट्टी असो, कानशीचे चार हात मारून ती किल्ली बरोब्बर बसवायची.

मग बोटं खाजायला लागली. आधी पुरळ, मग भेगा. गिऱ्हाइकं तिच्या हातातून किल्ली घेईनात. "तिथे ठेवा," म्हणायची. धाकट्या दिराला आयतंच निमित्त मिळालं.

"वहिनी, हे दुसऱ्याला लागणारं दिसतंय. दुकान मी बघतो, तुम्ही घरी आराम करा."

"तुम्ही डॉक्टर कधी झालात, भावोजी?"

खऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या पाठीवर पट्ट्या चिकटवल्या, एकेका चौकोनात एकेक पदार्थ. दोन दिवसांनी त्या काढल्या, आणखी दोन दिवसांनी पाठ पुन्हा पाहिली. एकच चौकोन लालभडक सुजला होता.

"निकेलची अ‍ॅलर्जी. चकचकीत किल्ल्यांवर त्याचाच मुलामा असतो. ही जन्मभर राहील, पण दुसऱ्या कुणाला लागणार नाही. निकेलपासून लांब राहायचं."

"म्हणजे किल्ल्यांपासून?"

"निकेलपासून म्हटलं मी."

तिला तेवढं पुरलं. तिने निकेल ओळखायच्या औषधाची बाटली आणली. त्यात भिजवलेला कापसाचा बोळा वस्तूवर घासायचा. गुलाबी झाला तर निकेल. रविवारभर तिने दुकान घासून काढलं. चकचकीत किल्ल्या गुलाबी, पक्कड गुलाबी, खुर्चीचा दांडासुद्धा गुलाबी! साध्या पितळेवर मात्र बोळा पांढराच राहिला. तिने कोऱ्या किल्ल्या पितळेच्या मागवल्या, पक्कडीच्या मुठीला पट्टी गुंडाळली, हातमोजे चढवले. मोज्यांत बोटं आंधळी झाली. तीन किल्ल्या वाया गेल्या, चौथी बसली.

दीर पुन्हा आला. "कशाला हा हट्ट? लोक हसतात."

"थांबा जरा." तिने त्याच्या पट्ट्याच्या बकलावर बोळा घासला. गुलाबी!

तो दचकून मागे सरला. "मला तर काहीच होत नाही!"

"तुम्हाला होत नाही, मला होतं. एवढाच फरक. त्यासाठी मी दुकान सोडायचं?"

तो बकल शर्टाखाली झाकत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तिने दारावर पाटी लावली : 'मला अ‍ॅलर्जी आहे. ती लागत नाही. किल्ली हातातच मिळेल.'

दोन महिन्यांत भेगा भरल्या. उजवा अंगठा अजून मधूनच चिडतो. पाटी वाचून काहीजण पुढच्या चौकातल्या दुकानात गेले. तिने कुणाला हाक मारली नाही.