बुटकं घर

"हात लावून तर बघा या टेबलाला!" वेल्डरची बायको नव्या टेबलावर चढूनच बसली होती.

त्याच्या हातात लोखंड कापायचा ग्राइंडर होता. "पाय थोडे आखूड करतो. पोर पडेल."

"पोर पडली ती शाळेच्या सपाट पटांगणात! आता काय, धरणीचे पाय कापणार?"

धाकटी कोपऱ्यात बसली होती, हनुवटीला टाके घेऊन. डॉक्टर म्हणाले होते, पडताना हात पुढे टाकायचे असतात, हे या मुलीच्या अंगाला ठाऊकच नाही.

ठाऊक होणार कुठून? थोरली मुलांच्या बागेतल्या लोखंडी शिडीवरून पडून गेली, तेव्हापासून वेल्डरनं घरातली उंचीच संपवली होती. खाटेचे पाय कापले, खुर्च्यांचे कापले. पाहुणे गुडघे छातीशी घेऊन चहा प्यायचे आणि बाहेर पडल्यावर हसायचे. बागेतली शिडीही त्याच्याच हातची; तीही त्यानंच कमरेएवढी करून टाकली. आता मुलं तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, पंपघराच्या पत्र्यावर चढतात.

"थोरली उंचीनं नाही गेली हो," बायको म्हणाली. आवाज एकदम उतरला होता. "त्याआधी कितीदा पडली होती ती. वाळूत पडायची, झटकायची, हसत घरी यायची. शिडी हलते म्हणून तुम्ही वाळू उपसलीत नि सिमेंट ओतलंत. वरचं सगळं कापून टाकलंत. ते सिमेंट मात्र अजून तिथंच आहे."

हे ती इतकी वर्षं गिळून बसली होती. बोलली, आणि तोंडाला पदर लावला.

वेल्डरनं ग्राइंडर खाली ठेवला.

"बाबा," धाकटीनं टाके सांभाळत विचारलं, "ताई कुठवर चढायची?"

त्याचा हात आपोआप वर गेला. डोक्याच्या वर, त्याच्याही वर. टाचा उचलल्या, तरी पुरेना. मग तो त्या बुटक्या खुर्चीवर मटकन बसला आणि गुडघ्यांत तोंड घालून पोरासारखा रडला.

शेवटी बाहीनं तोंड पुसून उठला.

"उद्या सिमेंट फोडतो," तो म्हणाला. "वाळू भरतो. मग वरचे गज परत जोडतो. ही चढेल. मी खाली उभा राहीन, पण धरणार नाही."