साडूभाऊंचे टिलवे

चिखलाकडे इतक्या प्रेमानं बघणारा प्राणी, म्हैस सोडली तर, मी माझ्या साडूंखेरीज दुसरा पाहिलेला नाही. लोक नदीकाठी जातात ते पाणी बघायला, फार तर सूर्यास्त बघायला. आमचे साडू पाणी ओसरायची वाट बघत. नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्याचं पाणी दिवाळीनंतर उतरू लागलं आणि मागं काळाभोर, चकचकीत, कुजकट वासाचा गाळ उघडा पडला, की त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज यायचं की नव्या माणसाला वाटावं, यांना बढती मिळाली. बढती त्यांना कधीच मिळाली नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान देवळाली कॅम्पातल्या एका शाळेत भूगोल शिकवत. एकदा शाळेत साहेब तपासणीला आले आणि त्यांनी सातवीच्या वर्गाला विचारलं, "आपल्या भागातल्या नद्या सांगा." अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "ओब, येनिसे, लेना!" साहेबांनी साडूंकडे पाहिलं. साडू शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे सर. आपले टिलवे तिकडचेच, सैबेरियातले."

टिलवा म्हणजे चिमणीएवढा पक्षी. वरून मातकट करडा, खालून पांढरा, चोच काळी, पाय काळे, आणि स्वभाव अत्यंत घाईचा. चिखलाच्या कडेनं तो धावतो आणि धावता धावता चोचीनं असे टाके घालत जातो की शिवणयंत्राला चाकं लावून सोडल्यासारखं वाटतं. हे सगळं मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. आमच्या घरात त्या काळी, म्हणजे एकोणऐंशी-ऐंशीच्या सुमारास, मी एकटाच स्कूटरवाला होतो आणि साडूंना रविवारी पहाटे माझ्या सहवासाची जी अनावर ओढ लागायची ती खरं म्हणजे त्या स्कूटरची होती. हे कळायला मला दोन हिवाळे लागले. तोपर्यंत मी समजत होतो की माझी रसिकता त्यांनी ओळखली. मागं बसून ते सायखेड्यापर्यंत माझ्या कानात बोलत राहायचे. "साडूभाऊ, वजन किती असेल? चार-पाच सुपाऱ्या घ्या हातात, तेवढंच! आणि येतो कुठून? जिथं झाड म्हणून उगवत नाही तिथून. जमिनीला नुसता खळगा, त्यात चार अंडी. पिल्लू अंड्यातून निघालं की त्याच दिवशी चालायला लागतं, स्वतःचं स्वतः खातं. भरवायची भानगडच नाही." शेवटचं वाक्य त्यांनी आमच्या नात्यातल्या एका बारशालाही म्हटलं होतं. तिथं पाळण्यातल्या बाळाचा थोरला भाऊ सव्वा वर्षाचा होऊनही बसल्या जागेवरून हलत नव्हता. त्याच्या आईनं नंतर दोन वर्षं ताईंशी अबोला धरला.

त्यांची दुर्बीण कॅम्पातल्या भंगारवाल्याकडची होती. ती पूर्वी तोफखान्यात नोकरीला असावी, कारण तिच्या एका भिंगावर आडव्या-उभ्या रेघा आखलेल्या होत्या आणि दुसऱ्यात बुरशी होती. तिच्यातून बघितलं की गोदावरीकाठची प्रत्येक गोष्ट आता उडवून द्यायची आहे असं वाटायचं. साडूंना मात्र तिच्यातून सगळं स्वच्छ दिसे. "तो बघा, तिसऱ्या रेघेवर. पळाला. आता चौथीवर. दिसला?" मी म्हणायचो, "वा!" माझ्या चष्म्याचा नंबर असा होता की समोर बसलेला माणूस मला आवाजावरून ओळखावा लागे. पण रसिक माणसानं 'दिसत नाही' म्हणायचं नसतं, अशी माझी समजूत. एवढ्यावर मी थांबलो असतो तरी चाललं असतं. मी टिलव्यावर कविता केली. त्या शब्दाला हलवा, कालवा आणि कळवा एवढीच यमकं सापडल्यामुळे त्या कवितेत विरहिणी कालव्याकाठी हलवा करून बसते आणि प्रियकराला कळवा म्हणते. कचेरीच्या स्नेहसंमेलनात ती मी डोळे मिटून म्हटली. साडू पहिल्या रांगेत होते. कार्यक्रम संपल्यावर गंभीर चेहऱ्यानं जवळ आले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "साडूभाऊ, तुम्ही पाय पिवळे लिहिलेत. पिवळ्या पायांचा टिलवा वेगळा. तेवढं दुरुस्त करा, बाकी हरकत नाही." बाकी हरकत घेणारे पुष्कळ होते.

ताईंनी या पक्ष्याला कधी सवत मानलं नाही, कारण सवतीशी निदान भांडता येतं. फक्त एकदा जेवताना साडू सांगत होते की टिलव्याची मादी कधीकधी पहिली चार अंडी नराच्या स्वाधीन करते, दुसरीकडे जाऊन आणखी चार घालते आणि ती मात्र स्वतः उबवते. तेव्हा ताईंनी भात वाढता वाढता हात थांबवला आणि म्हणाल्या, "शहाणी आहे." त्या घरातलं पक्ष्याबद्दलचं हे एकमेव कौतुक.

असं सगळं चाललं होतं आणि त्यांच्या उज्ज्वलाचं लग्न काढायची वेळ आली. उज्ज्वला त्यांची एकुलती एक. चांदवडकडचं स्थळ आलं. मुलगा नाशकात नोकरीला, घरची थोडी शेती, वडिलांचा कांद्याचा व्यापार. फेब्रुवारीतल्या एका रविवारी मंडळी बघायला आली. ताईंनी साडूंना आदल्या दिवसापासून बजावलं होतं की पक्षी हा शब्द तोंडातून निघता कामा नये, आणि लक्ष ठेवायला म्हणून मला त्यांच्या शेजारी बसवलं होतं. जयभीम झाला, पोहे झाले. मुलाचे वडील म्हणजे भरदार अंगाचे, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले, पायात करकरीत नवे जोडे. त्यांनी सहज विचारलं, "गुरुजी, रविवारी काय करता?"

साडूंनी ताईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तोंड घट्ट मिटलं. मला त्यांची दया आली. वातावरण हलकं करावं म्हणून मीच म्हणालो, "काही नाही, आम्ही जरा टिलवे बघायला जातो."

पुढचा पाऊण तास साडू बोलत होते. सैबेरिया झाला, हिमालय झाला, पिसं गळणं झालं, चैत्रात तोंडावर चढणारा तांबूस रंग झाला. पाहुणे शांतपणे ऐकत होते. शेवटी मुलाच्या वडिलांनी घसा खाकरून विचारलं, "पर खायला कसं लागतंय?"

साडूंचा चेहरा असा झाला की उज्ज्वलाबद्दलच कुणी तसं विचारलं असावं. पण ते स्वतःला सावरून म्हणाले, "तुम्ही एकदा बघाच. पुढच्या रविवारी या." पाहुणे हो म्हणाले. ते गेल्यावर ताई माझ्याकडे वळल्या. त्या काय म्हणाल्या ते मी इथं लिहीत नाही.

पुढच्या रविवारी मुलाचे वडील खरंच आले, एकटेच, त्याच पांढऱ्या कपड्यांत, त्याच जोड्यांत. बंधाऱ्याच्या काठावर साडू दुर्बीण लावून उभे राहिले आणि या जगातून गेले. पाहुण्यांची सरबराई आता माझ्याकडे होती. जुळत आलेलं लग्न आपणच बिघडवलं, तर आपणच सावरावं, या विचारानं मी पुढारी झालो. "या, इकडून जवळून दिसतील, इथं जमीन घट्ट आहे," असं म्हणून मी ऐटीत पाऊल टाकलं ते गुडघ्यापर्यंत रेंद्यात गेलं. दुसरं पाऊल ते काढायला टाकलं, तेही गेलं. पाहुणा सज्जन माणूस. "थांबा, थांबा, हात द्या," म्हणत ते पुढं आले आणि माझ्या शेजारी येऊन रुतले. त्यांच्या वजनानं ते माझ्यापेक्षा वीतभर जास्तच खाली गेले. मी त्यांना सावरायला वाकलो आणि माझा चष्मा नाकावरून घसरून गाळात पडला.

"साडूभाऊ!" मी ओरडलो.

साडूंनी वळून पाहिलं. एकीकडे होणारा व्याही चिखलात, दुसरीकडे टिलव्यांचा थवा अगदी जवळ. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "हलू नका! मी कासरा घेऊन येतो, पण तोवर अजिबात हलू नका. टिलवे उडतील." आणि दूरच्या मळ्यात बैलगाडी दिसत होती तिकडे ते चवड्यावर चालत निघाले. चवड्यावर! घाबरलेला माणूस पळतो. हे मांजरासारखे गेले.

आम्ही हलणार तरी कसे होतो? दोघं शेजारी शेजारी, शेतात रोवलेल्या बुजगावण्यांसारखे उभे. पाहुणे माझ्याशी बोलत नव्हते. मी मनात, हे लग्न मोडल्याचं ताईंना कुठल्या शब्दांत सांगावं ते जुळवत होतो. आणि जरा वेळानं आजूबाजूला बारीक टिट्, टिट् असा आवाज यायला लागला. पाहुण्यांनी माझं मनगट धरलं. "गप," ते कुजबुजले. "आलं. माझ्या मांडीपाशी आलं. आणखी एक. आरं, लय हायेत की!" मला समोर एक करडा पडदा आणि त्यात काहीतरी हलल्यासारखं दिसत होतं, ते पक्षी होते की डोळ्यांतलं पाणी, कुणास ठाऊक. पाहुणे मात्र अगदी हळू आवाजात सांगत राहिले, स्वतःलाच सांगितल्यासारखं. "टुचुटुचु खातंय. माझ्याकडं बघतंय. घाबरत नाय." मग म्हणाले, "एवढुसं पाखरू. गुरुजी कुठून म्हणले होते?"

"सैबेरियातून," मी म्हणालो.

"ते कुठं आलं?"

मी सांगितलं, फार लांब. ओब, येनिसे, लेना हे शब्द मला आठवत होते, पण गुडघाभर चिखलात ते शोभले नसते.

कासरा आला, गाडीवाल्यानं आम्हाला एकेक करून ओढून काढलं, माझा चष्माही चाचपून काढून दिला. माझी चप्पल आणि पाहुण्यांचा एक जोडा गोदावरीला मिळाला. एका पायात नवा जोडा आणि दुसरा पाय अनवाणी, अशा अवस्थेत पाहुणे एसटीत बसले. चांदवडहून काही दिवस काही निरोप आला नाही, मग आणखी काही दिवस आला नाही. ताई साडूंशी बोलेनाशा झाल्या. उज्ज्वला रडली नाही, पण तिनं एकदा मला विचारलं, "काका, तुम्ही ते बोललाच नसता तर?" मुलगा तिला आवडला होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यानंतरच्या रविवारी साडू बंधाऱ्यावर गेले नाहीत. पुढच्याही नाही. दुर्बीण खुंटीवर आणि ते आरामखुर्चीत. मला पहाटे झोपायला मिळत होतं आणि झोप लागत नव्हती.

मार्चच्या सुरुवातीला एका सकाळी ताईंच्या दारात जीप थांबली. त्यातून कांद्याची गोणी उतरली आणि मागून मुलाचे वडील. मी योगायोगानं तिथं होतो. खरं म्हणजे रोजच असायचो, माफी मागायला. ते ओट्यावर टेकले, पाणी प्याले. "कांदा निघाला होता, सवड नव्हती," ते म्हणाले. "पोरगी पसंत हाय. ती तर पहिल्याच दिवशी होती."

ताईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "आणि ते... त्या दिवशीचं?"

"त्याचं काय? आमच्या घरात वहिनी, उठल्यापासून निजेपर्यंत कांद्याचा भाव. जेवताना भाव, आजारी पडलं तरी भाव. एक तरी व्याही दुसरं काही बोलणारा नको का?" मग साडूंकडे वळून म्हणाले, "तारीख मात्र तुम्ही सांगा गुरुजी. पाखरं हायेत तोवर तुम्हाला सवड नसंल."

साडू चाचरत म्हणाले, "एप्रिलच्या शेवटी. तोवर ती निघून जातात."

लग्न विहाराच्या अंगणात लागलं. साडूंनी त्या दिवशी टिलव्याचं नावसुद्धा काढलं नाही. पंगती उठल्या, दुपारी जीप निघाली, उज्ज्वला ताईंच्या गळ्यात पडून रडली आणि साडू मांडवाच्या खांबाची दोरी सोडत उभे राहिले. ती कुणी सोडायला सांगितली नव्हती. धूळ खाली बसल्यावर ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "साडूभाऊ, पेट्रोल आहे का?"

बंधाऱ्यावर पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. गाळाला भेगा पडल्या होत्या. एकही टिलवा नव्हता. साडूंनी दुर्बीण आणलीच नव्हती. ते काठावर बसले, नव्या सदऱ्याची पर्वा न करता.

"टिलव्यांचं बरं असतं," ते म्हणाले. "सैबेरियातून इकडे यायला आईबापच आधी निघतात. पिल्लं मागं राहतात आणि मग आपापली येतात, कुणी वाट न दाखवता. रिकाम्या जागेत बसून राहायची पाळी आईबापावर येत नाही."

मीही त्यांच्या शेजारी बसलो. अंधारायच्या आत आम्ही निघालो. मागं बसून ते अवाक्षर बोलले नाहीत. निफाडचा फाटा आला तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जरा चांदवडवरून जाऊ या का?"

"साडूभाऊ," मी स्कूटर हळू करत म्हणालो, "चांदवड उलट्या दिशेला आहे."

"हो," ते म्हणाले. "ठाऊक आहे मला."