सनीच्या नावापुढचा हिरवा ठिपका

मल्हारी निकाळे आयुष्यात एकच विद्या मन लावून शिकले: चालू असलेली वस्तू विझू द्यायची नाही. सातपूरच्या एका कारखान्यात ते अॅल्युमिनियमच्या भट्टीवर होते. भट्टीला रविवार कळत नाही. सगळा कारखाना सुट्टीवर गेला तरी एक माणूस तिच्यापाशी बसवावा लागतो. आच मंद करायची, पण तिला जाऊ द्यायचं नाही. गेली तर आतला धातू गोठतो आणि छिन्नी-हातोडा घेऊन भट्टीच फोडावी लागते. बाकीचे कामगार ही पाळी चुकवायचे, मल्हारीभाऊ मागून घ्यायचे. मुलगा झाल्याची बातमी आली तेव्हाही ते भट्टीपाशीच होते. बातमी आणणाऱ्याला त्यांनी चहा पाजला, मग बदली माणूस शोधला, त्याला सगळं समजावून सांगितलं आणि मग दवाखान्यात गेले. त्यांची बायको सुलाबाई हा किस्सा अजून सांगते. ती तो कौतुकानं सांगते असं समजणारे मल्हारीभाऊ घरात एकटेच.

निवृत्तीनंतर जेलरोडच्या वसाहतीत त्यांना मान होता तो मात्र भट्टीमुळे नव्हे, भाषणामुळे. एका घरात सून घुमायला लागली आणि सासूनं हरसूलकडून भगत आणायचं ठरवलं, तेव्हा भाऊंनी विहारासमोर उभं राहून गल्लीला सुनावलं होतं. "मेलेला माणूस परत येत नाही. येत असता तर रेशनकार्डावरनं त्याचं नाव कशाला कमी केलं असतं? भूत हे ज्यांच्याकडं पुस्तकं नव्हती त्यांचं होतं. आपल्याकडं आता पुस्तकं आहेत." सुनेला डॉक्टरकडे नेलं, ती बरी झाली, आणि भाऊंचा शब्द वसाहतीत कायद्यासारखा झाला. सुलाबाई तेव्हा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

मागच्या पावसाळ्यात त्यांचा मुलगा सनी मोटरसायकलवरून इगतपुरीच्या बाजूनं येताना अपघातात गेला. फोन रस्त्यावर फुटला. कंपनीनं आपला लॅपटॉप शोकसंदेशासह परत नेला. सनीचा स्वतःचा जुना लॅपटॉप तेवढा त्याच्या खोलीत टेबलावर राहिला, झाकण मिटलेला, त्याच्या कडेचा बारका पांढरा दिवा मंदपणे उजळत आणि मावळत.

तो काय आहे हे त्यांना चैतालीनं सांगितलं. ती गल्लीतलीच, सनीबरोबर शिकलेली, आता त्याच्यासारखीच सॉफ्टवेअरच्या कामावर. "काका, तो बंद नाहीये, झोपलाय. सनीनं लिनक्स टाकलंय आणि सगळी डिस्क कुलुपात ठेवलीये. झाकण उघडून जागा केला तर काही विचारत नाही, पण एकदा का बंद झाला तर सुरू होताना पासवर्ड मागेल. तो कोणालाच माहीत नाही."

"म्हणजे विझवायचा नाही."

"तसंच. फोटो, कागद वगैरे मी पेनड्राइव्हवर काढून देते. मग बंद पडला तरी काही बिघडत नाही."

तिनं काढून दिलं. पेनड्राइव्ह कपाटात गेला आणि पुन्हा कुणी काढला नाही. चैतालीचं शेवटचं वाक्य मल्हारीभाऊंनी ऐकलं नव्हतं असं नाही. ते त्यांच्या शिस्तीत बसणारं नव्हतं. ते रोज सकाळी त्या खोलीत जायचे, चार्जर घट्ट आहे का बघायचे, झाकण उघडायचे. पडदा उजळायचा. सनीनं जिथं सोडलं होतं तिथंच सगळं उभं असायचं, अर्धवट खिडक्या एकमेकींवर रेलून. भाऊ कशालाही हात लावत नसत. थोडा वेळ बसायचे आणि झाकण मिटायचे.

एकदा झाकण उघडंच ठेवून बाहेर आले, तर सुलाबाई ओट्यापाशी फोन धरून उभी होती. ती ज्या अॅपवर बहिणींशी गप्पा मारायची त्यावर सनीचा फोटो होता आणि त्याच्या नावापुढं हिरवा ठिपका. सनी ऑनलाइन. भाऊंना उमगायला वेळ लागला: लॅपटॉप जागा झाला की वायफाय पकडतो, वायफाय आलं की सनीचं खातं जागं होतं. सुलाबाई त्या ठिपक्याकडं अशी बघत होती की मागं नवरा उभा आहे हेही तिला कळलं नाही. दूध उतू गेलं. ती हलली नाही.

त्या दिवसापासून भाऊ आपल्या मनानं नाही, तिच्या वेळेनं झाकण उघडू लागले. ती चहा घेऊन फोन हातात घ्यायची, की हे खोलीत. तिला मुलाचा तेवढा उजेड मिळावा. याबद्दल दोघं एकमेकांशी अक्षर बोलले नाहीत. भाऊंचं म्हणणं, काही गोष्टी बोलल्या की विरतात. सुलाबाईचं म्हणणं त्यांनी विचारलं नव्हतं.

मग एक दिवस झाकण उघडलं, पडदा उजळला, आणि कोपऱ्यातली वायफायची खूण आली नाही. भाऊंनी झाकण मिटून पुन्हा उघडलं. राउटर बंद करून चालू केला. बाहेर डोकावले. सुलाबाई फोनकडं बघत होती आणि तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. ते भाऊंच्या काळजात गेलं. पोरगं दुसऱ्यांदा गेलं हिचं, त्यांना वाटलं, आणि या वेळेला आपल्या हातून.

ते लॅपटॉप चालू ठेवूनच, टॉवेलात गुंडाळून, रिक्षानं शालिमारला दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदारानं झाकण उघडलं. "लिनक्स? अरे बापरे. थांबा, रीस्टार्ट मारून बघू." भाऊंनी त्याचं मनगट धरलं. भट्टीवरच्या माणसाची पकड होती ती.

"काका, हात सोडा. रीस्टार्टशिवाय काय होत नाही."

"दुसरा उपाय सांगा."

"दुसरा फॉरमॅट." त्याच्या शास्त्रात तिसरा उपाय नव्हता. भाऊ लॅपटॉप टॉवेलात घालून परत आले.

रविवारी चैताली आली. सनीच्या खुर्चीवर न बसता तिनं स्टूल ओढलं, काळी खिडकी उघडली आणि आतल्या नोंदी वर सरकवत वाचू लागली. भाऊ मागं उभे.

"हे बघा काका. झोपेतून उठल्यावर मशीन आपल्या एकेका भागाला हाक मारतं. पडद्यानं ओ दिली. कीबोर्डनं दिली. वायफायच्या कार्डाला इथं हाक मारलीये, परत इथं, परत इथं. उत्तर नाही."

"मेलं का ते?"

"नाही ना. यादीत नाव आहे अजून. आहे, पण उठत नाहीये. लिनक्सवर काही काही कार्डांचं होतं असं."



तिनं वायफाय बंद करून चालू केलं. मशीनला मुद्दाम पुन्हा झोपवलं, पुन्हा जागं केलं. पांढरा दिवा मंदावला, पडदा उजळला, सगळे उठले, कार्ड नाही. "कार्ड आणि मशीनच्या मधे ड्रायव्हर असतो, दुभाष्यासारखा," ती म्हणाली. "त्याला बाहेर काढून परत आत घेतला की बहुतेक वेळा कार्ड डोळे उघडतं. ओळभर टाईप करायचंय." तिनं ओळ टाईप केली. खाली पासवर्ड मागणारी रेघ आली आणि लुकलुकत थांबली.

मग अंदाज सुरू झाले. भाऊंच्या सांगण्यावरून गावाचं नाव घातलं, मोटरसायकलचा नंबर घातला. चैतालीनं कॉलेजातल्या एका मुलीचं नाव घातलं आणि भाऊंकडं बघितलं नाही. प्रत्येक वेळी मशीननं सभ्यपणे नकार दिला. सोपा पासवर्ड ठेवला असता तर तो सनी कसला.

"मग संपलं?"

"नाही, एक आहे की." चैतालीनं पिशवीतून केबल काढली. "कार्डाला झोपू दे. फोन केबलनं जोडला तर फोनचं नेट मशीनला मिळतं, पासवर्डबिसवर्ड काही नाही. माझ्या फोनमधे कंपनीनं ते बंद करून ठेवलंय, तुमचा बटणांचा. काकूंचा द्या. दोन मिनिटांत सनी ऑनलाइन." बोलून झाल्यावर तिला आपलं वाक्य ऐकू आलं आणि ती केबल सरळ करू लागली.

"सुला," भाऊंनी हाक मारली, आवाजात बऱ्याच दिवसांनी ऊब होती. "फोन आण गं तुझा."

सुलाबाई दारात आली. सनी गेल्यापासून ती त्या खोलीचा उंबरा ओलांडत नव्हती. भाऊंच्या मते दुःखानं. फोन तिनं पदराखाली धरला होता.

"कशाला?"

"दे तर. तुझं काम होतंय."

"काकू, सनीचा तो ठिपका..." चैताली म्हणाली. "येईल आता परत."

सुलाबाई एक पाऊल मागं सरली. "नको."

"अगं, नको काय?"

"नको म्हणते ना. नाय द्यायची मी." तिचा आवाज चढला. "इतक्या दिसांनी मला झोप लागायलीय. तो यायचा बंद झालाय तर पुन्यांदा कशाला बोलावताय त्याला?"



"तू बघायचीस रोज," मल्हारीभाऊ म्हणाले. "चहा घेऊन."

"बघणार नाय तर काय करणार? त्याच्या नावापुढं रोज लिहून येतंय, आत्ता आला होता. मी माझ्या हातानं त्याचं तोंड पुसलंय, अन हा म्हणतो आत्ता आला होता. दुधाला हात लावायची भीती वाटायची मला. मागं वळायची भीती वाटायची."

"ते मशीन होतं, सुला. मी झाकण उघडायचो."

"मला काय माहीत झाकण?"

"मग विचारायचं नाही मला?"

"तुम्हाला?" सुलाबाई हसली, पण ते हसू नव्हतं. "अख्ख्या गल्लीला सांगितलं तुम्ही, आपल्यात भूत नसतं. टाळ्या वाजवल्या मी. आता कोणत्या तोंडानं सांगू, माझाच लेक येतोय म्हणून?"

चैताली उठली. "काकू, मी पाणी पिते," असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथं बराच वेळ पाणी पीत राहिली.

"मी तुझ्यासाठी उघडत होतो," मल्हारीभाऊ म्हणाले.

सुलाबाईनं पदराखालचा फोन काढला आणि उंबऱ्याबाहेरूनच हात लांब करून त्यांच्यापुढं धरला. सनीच्या फोटोखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: शेवटचा दिसला, आठवड्याभरात. "आधी रोज आत्ता असायचं," ती म्हणाली. "मग काल झालं. मग परवा. आता हे. मागं मागं चाललाय तो. माणूस गेल्यावर असंच व्हायला पाहिजे ना हो?"

भाऊंना उत्तर माहीत होतं. ते त्यांनी विहारासमोर मोठ्यानं सांगितलेलं होतं. त्यांच्या पुढ्यात उघडा पडदा होता आणि त्यावर सनीच्या खिडक्या. एका खिडकीतली रेघ अजून लुकलुकत होती, कोणीतरी पुढचं अक्षर टाईप करेल या भरवशावर. केबल टेबलावर होती. दोन मिनिटांचं काम होतं.

त्यांनी झाकण मिटलं. मग खाली वाकून भिंतीतून चार्जर काढला आणि त्याची वायर हळूहळू गुंडाळली, कोपराला वळसे घेत.

"बंद करून टाका ना एकदाचं," सुलाबाई म्हणाली.

"बटण दाबवणार नाही माझ्याच्यानं," ते म्हणाले. "आपोआप जाईल ते."

चैताली जाताना केबल न्यायला विसरली. पांढरा दिवा संध्याकाळपर्यंत उजळत-मावळत होता, दुसऱ्या दिवशीही होता. भाऊ खोलीच्या दारावरून जाताना पाय हळू टाकायचे, जणू आत कुणी आजारी आहे. दुपारी सुलाबाई वाळलेले कपडे घेऊन दारापाशी थांबली. मग उंबरा ओलांडला, कपडे सनीच्या पलंगावर टाकले आणि घड्या घालू लागली. टेबलाकडं तिची पाठ होती.

भाऊ आले, टेबलापाशी उभे राहिले. लॅपटॉपचा पांढरा दिवा विझला होता.

"गेला," ते म्हणाले.

"कधी?" तिनं वळून न बघता विचारलं.

"काय माहीत. मी नव्हतो इथं."

"मी होते की," सुलाबाई म्हणाली. तिनं हातातल्या शर्टाची घडी पुरी केली, मग दुसरा उचलला. "मला पण नाय कळलं."